लालबागच्या पोटातलं पाणी

बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर उतरणारा माणूस खरं तर लालबागेत उतरतो. जुनं शहर, जामा मशीद, तापीकाठचा शाही किल्ला, सगळं पुढे रिक्षानं जायचं. लालबागेला स्वतःची ओळख म्हणाल तर ताप्ती मिल आणि रेल्वे. पण याच भागात घरांच्या मागून आणि शेतांच्या कडेनं गोल काठाच्या विहिरींची एक रांग जाते. काठ जमिनीपासून चांगले उंच बांधलेले, आणि एकाही विहिरीवर रहाट नाही. हा कुंडी भंडारा. रिक्षावाले त्याला खूनी भंडारा म्हणतात, आणि सरकारी कागदांतही आता तेच नाव चालतं.

बऱ्हाणपूर-असीरगडची एका मुक्कामाची सहल हल्ली बरीच मंडळी करतात. गाईडचा क्रम ठरलेला असतो: आधी मुमताजचा हमाम, मग मशीद, दुसऱ्या दिवशी असीरगड, आणि वेळ उरलाच तर भंडारा. हा क्रम उलटा करावा असं मला वाटतं. दुपारच्या गाडीनं उतरावं आणि आधी लालबागच पाहावं. या शहरात लाखाच्या फौजा कशाच्या भरवशावर राहिल्या, ते कळल्याशिवाय पुढचे वाडे-किल्ले नुसते दगड वाटतात.

सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खडकाच्या थरांतून तापीकडे सरकत राहतो. हे सरकतं पाणी वाटेत आडवं गाठायचं, एवढीच भंडाऱ्याची युक्ती. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर, तिच्यापुढे थोड्या थोड्या अंतरावर दुसरी, तिसरी, आणि सगळ्यांना तळातून जोडणारा बोगदा. अशा शंभरावर कुंड्या, सुमारे तीन किलोमीटरच्या पट्ट्यात. बोगद्याचा उतार बेताचा ठेवावा लागतो. जास्त झाला तर पाणी तळ पोखरतं, कमी पडला तर गाळ बसतो. वरच्या जमिनीचा उतार मात्र त्याहून जास्त, त्यामुळे शहराकडे येता येता कुंड्या उथळ होत जातात आणि पाणी आपल्या पायांनी जाली करंज या हौदापर्यंत पोचतं. तिथून ते मातीच्या नळांनी शहरात वाटलं जाई. ना मोट, ना पंप. खोदताना माती वर काढायला केलेल्या कुंड्या पुढे हवा खेळायला आणि सफाईला उतरायला उपयोगी पडल्या. काठ उंच का, तर पावसाचं गढूळ पाणी आत शिरू नये म्हणून.

हे काम १६१५चं. जहांगीर गादीवर होता, आणि मोगल सरदार अब्दुल रहीम खान-ए-खानानच्या काळात एका इराणी भूगर्भतज्ज्ञानं ते केलं. त्याचं नाव तबकुतुल अर्ज असं सांगतात. असे एकूण आठ भंडारे होते. मूल भंडारा, सूखा भंडारा, चिंताहरण ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. बऱ्हाणपूर ही मोगलांची दख्खनच्या स्वारीची छावणी होती. उशाला तापी असताना एवढा खटाटोप कशाला, तर शत्रूनं नदीत विष कालवलं तर काय, ही धास्ती होती असं गाईड सांगतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो इथं आला. शाहजादा परवेझला त्यानं दारूच्या बाटल्यांची पेटी नजर केली. शाहजाद्यानं ती इतक्या तत्परतेनं उघडली की ठरलेली खासगी भेट राहूनच गेली. पाण्याची एवढी सोय केलेल्या गावात हे व्हावं, याची मला गंमत वाटते.

मराठी वाचकाला यातली दुसरी गंमत जास्त जवळची वाटेल. रहीम ज्याच्याशी झुंजत होता तो मलिक अंबरही त्याच दशकात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जमिनीखालून नहर आणत होता. रणांगणावर एकमेकांना पाण्यात पाहणारे हे दोघे एकाच विद्येचे गिऱ्हाईक होते.

ही विद्या इराणची, आणि तिचा सगळ्यात जिवंत संसार आज ओमानच्या हजर पर्वतात आहे. तिथंही परदेशी पाहुण्यांना मुक्कामाच्या सहलीवर डोंगरातली जुनी गावं आणि किल्ले दाखवतात: मिस्फात अल अब्रियीनची मातीची घरं, निझवाचा गोल बुरूज. पण गावात पाऊल टाकलं की पहिल्यांदा पायाशी येतो तो फलज, वाहत्या पाण्याचा पाट. ओमानात असे सुमारे ३,००० फलज अजून वापरात आहेत, आणि त्यांतल्या पाचांना युनेस्कोनं २००६ साली जागतिक वारशात घेतलं. ते टिकले ते नुसत्या बांधकामाच्या बळावर नव्हे. फलजचं पाणी वेळेवर वाटलं जातं. अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या, दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजलेल्या. पाळी ही मालमत्ता. ती वारसानं मिळते, विकता येते, भाड्यानं देता येते. ज्याची पाळी आहे तो बोगदा बुजू देत नाही.

हे ऐकून खानदेशी माणसाला नवल वाटणार नाही. पांझरा-मोसमच्या काठांवर बंधारा घालून पाटानं फडांना पाणी द्यायची पद्धत कित्येक पिढ्या चालली. फडात सगळ्यांचं पीक एकच, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. लालबागेत नेमकं हेच घडलं नाही. भंडारा सरकारी होता. मोगलांनी तो फौजेसाठी बांधला, शहरानं वापरला, पुढे नगरपालिकेकडे गेला. त्यात कुणाची पाळी नव्हती. माझ्या मते त्याच्या आजच्या हालाचं मूळ इथं आहे. क्षारांचा आणि गाळाचा नंबर त्यानंतरचा.

खाली उतरायला एका कुंडीत लिफ्ट बसवलेली आहे. ती चालू असेल तर सुमारे ऐंशी फूट खाली जाता येतं. तळाला पाणी पोटरी-गुडघ्याइतकं, नितळ, आणि बोगद्याच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याचे थरावर थर. हे थर पाहायला सुंदर, पण पाण्याला येणारी वाट बुजवतात ते तेच. वर आलात की चौफेर केळी दिसतात. बऱ्हाणपूरची केळी नावाजलेली, आणि केळीइतकं तहानलेलं पीक विरळा. त्यासाठी मारलेल्या बोअरवेल सातपुड्याकडून सरकणारं तेच पाणी उपसतात, भंडाऱ्याच्या कितीतरी खालून.

संध्याकाळ शहरात काढावी. गरम मावा जिलेबी खावी, दराबा बांधून घ्यावा. जामा मशिदीत फारुकी सुलतानाचा अरबी लेख आहे आणि शेजारी संस्कृत लेख, त्यात शके १५११ असा काळ दिलेला. मुमताज १६३१ साली याच गावात बाळंतपणात गेली, आणि तापीपलीकडे आहूखान्यात तिला तात्पुरतं दफन केलं. या गोष्टीवर गाईड तासभर सहज बोलतात. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला माहीत असलेला मिर्झाराजा जयसिंगही १६६७ साली इथंच वारला. त्याच्या छत्रीकडे मात्र फारसं कुणी नेत नाही.

पहाटे असीरगडला निघावं, वीसेक किलोमीटर. मलयगड, कमरगड, असीरगड असे एकावर एक तीन कोट. दख्खनचा दरवाजा म्हणतात तो हा. गडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा रोज येऊन फूल वाहून जातो, अशी श्रद्धा आहे. कपाळाच्या जखमेला तेल मागणारा माणूस पाहिलेला एखादा काका प्रत्येक गाईडच्या घरात असतो. मला तिथले तलाव जास्त बोलके वाटले. गडाला पाणी पावसाचंच. अकबराचा वेढा १६००च्या उन्हाळ्यापासून जानेवारी १६०१पर्यंत चालला. त्यात तटापेक्षा आतल्या रोगराईनं गड टेकीला आणला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली निजामानं बऱ्हाणपूर-असीरगड पेशव्यांना दिला, पुढे तो शिंद्यांकडे गेला. शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड यानं एप्रिल १८१९मध्ये तो इंग्रजांच्या हवाली केला, म्हणजे पेशवाई बुडाल्यावरही जवळजवळ वर्षभर हा गड इंग्रजांच्या हाती लागला नव्हता.

मार्च २०२४मध्ये खूनी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला. तिथून मुख्य यादीत जायचं तर व्यवस्थापनाचा आराखडा द्यावा लागतो: सफाई कुणी करायची, कुठल्या पैशानं, वरच्या जमिनीत काय करू द्यायचं. तो लिहायला पुरातत्त्ववाले आणि पर्यटनवाले बसतीलच. लालबागच्या वरच्या अंगाचे केळीवाले त्या बैठकीत नसले, तर आराखडा कुंड्यांच्या काठांचा होईल, पाण्याचा नाही.