शब्द पाठ, पण जीभ अडखळते
परदेशी विद्यापीठासाठी ‘आयेल्ट्स’ देणारी चिनी मुले हजारो इंग्रजी शब्द घोकतात. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत सुरुवातीलाच भेटतो ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे! कित्येकांचा अभ्यास तिथेच थांबतो, असा विनोद चीनमध्ये प्रसिद्ध आहे. खरी कसोटी मात्र परीक्षकासमोरच्या ११ ते १४ मिनिटांच्या संभाषणात लागते. मँडरिनमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींचा उच्चार ‘ता’. त्यामुळे आईविषयी सांगतानाही इंग्रजीत ‘शी’ऐवजी ‘ही’ निसटते. क्रियापदाचे रूपही काळानुसार बदलत नाही. ‘काल’ म्हटले की बहुधा भागते. अर्ध्या गुणाने प्रवेश हुकू शकतो, तिथे ही सवय महागात पडते. यावर यादीचा उपयोग नाही. आदल्या दिवसाची हकिकत रोज मोठ्याने इंग्रजीत सांगावी, ध्वनिमुद्रित करावी आणि लाज न बाळगता ऐकावी.