गाडी किती देते आणि किती घेते

सोलापुरात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली, की पेढा हातात पडायच्या आधी एक प्रश्न येतो : "किती देते ओ?" आमच्या भवानी पेठेत हा प्रश्न मोपेडलाही विचारतात आणि सत्तर लाखांच्या मोटारीलाही. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, त्यामुळे आम्हाला या प्रश्नाचे कौतुक वाटते. प्रश्न चांगला आहे, फक्त अर्धा आहे. गाडी किती देते हे आपण विचारतो, किती घेते हे विचारत नाही. आज त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलू.

निमित्त सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी याच पेठेत टॉवेलचा कारखाना चालवतो. मध्यंतरी घरी आला. म्हणाला, "सर, पुण्यात एक जर्मन सेडान बघून आलोय. पाच वर्षं जुनी. नवी सत्तर लाखाची, मला तीसला देतोय. चारशेच्या आसपास घोडे आहेत सर त्यात! पेट्रोल जरा पिते, पण माझं फिरणं महिन्याला आठ-साडेआठशे किलोमीटर. परवडतंय का सांगा." त्याच पैशात जुने माग काढून रेपियर माग घ्यायचे, असे त्याचे आधी ठरले होते. म्हणजे प्रश्न नुसता हौसेचा नव्हता. आम्ही म्हटले, "बस. कागद घे."

आधी पेट्रोल. मायलेजचा छापील आकडा चाचणीतून येतो. आपल्याकडे अशा चाचण्या करणारी मोठी संस्था पुण्यातली एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या या चाचणीत गाडी रस्त्यावर जात नाही, रोलरवर चालवतात. ठरलेला क्रम १,१८० सेकंदांचा, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद. सगळ्यांना एकच परीक्षा, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. पण ही परीक्षा मे महिन्यात तुळजापूर रोडवर झालेली नसते. सोलापूरच्या उन्हात एसी बंद करून सत्तर लाखांच्या गाडीत कोण बसेल? (हशा)

आता अशी गाडी जास्त का पिते? तीन कारणे बघा. पहिले वजन. माणसांसकट ती १,८०० किलोच्या घरात जाते. थांबलेली गाडी ताशी ६० वर न्यायची तर सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण चाकापर्यंत तिचा चौथा हिस्सा पोचला तरी पुष्कळ. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. म्हणजे एका उचलीला ३० मिलिलिटर पेट्रोल, तीन रुपये. पुढे गतिरोधक आला, ब्रेक दाबला, की ते तीन रुपये ब्रेकमध्ये गरम होऊन संपले. दुसरे कारण हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. हायवेला ८० चे १२० केले, की तो सव्वादोनपट होतो. तिसरे कारण मोठे इंजिन. चारशे घोडे पाळले आणि गावात पंधरा-वीसच जुंपले, तरी बाकीच्यांना चारा घालावाच लागतो. इंजिनाचे आतले घर्षण हा तो चारा.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, ते चांगलेच आहे. पण लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणून मिश्रणातली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. शिवाय २०२३ च्या आधीची गाडी असेल तर तिला हे मिश्रण चालते का, ते गाडीसोबतच्या पुस्तकात आधी पाहावे.

सगळे धरून गावात लिटरला आठ किलोमीटर मानू. पेट्रोल १०५ रुपये धरले तर किलोमीटरला तेरा रुपये, महिन्याला अकरा हजार. विद्यार्थी खूश. "मग परवडतंय की सर!"

इथेच माणूस फसतो. न्यायदर्शनात ज्ञानाची जी साधने सांगितली आहेत, त्यांतली दोन इथे घ्या. एक प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना जे थेट कळते. दुसरे अनुमान, म्हणजे डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार, हे आपण ताडतो. पेट्रोलचा खर्च प्रत्यक्ष आहे. पंपावर आकडे फिरतात, खिशातून नोट जाते. गाडीचे बाकीचे खर्च असे डोळ्यांसमोर फिरत नाहीत, ते अनुमानानेच काढावे लागतात.

आधी नव्या गाडीचा हिशेब करू. किंमत ७० लाख, पाच वर्षे, वर्षाला १०,००० किलोमीटर. विमा उतरवताना गाडीचे मोल धरण्याचे प्रचलित कोष्टक आहे : वर्षाच्या आत १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षाअखेर २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५०. म्हणजे ३५ लाख गेले. किलोमीटरला ७० रुपये. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल मोटारीला, व्यक्तीच्या नावावर, एकरकमी कर १३ टक्के, म्हणजे ९ लाख १० हजार. किलोमीटरला १८ रुपये. नुसता करच पेट्रोलच्या वर गेला! विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून वर्षाला ३ लाख धरा, किलोमीटरला ३० रुपये झाले. आणि अडकलेल्या पैशाचे व्याज. पाच वर्षांत सरासरी साडेबावन्न लाख अडकतात, ७ टक्क्यांनी किलोमीटरला ३७ रुपये. पेट्रोल धरून बेरीज १६८. पुणे इथून अडीचशे किलोमीटर. तेवढ्या प्रवासात पंपावर सव्वातीन हजार दिसतात, खर्च होतात बेचाळीस हजार. रुपयातले आठ पैसे पेट्रोलचे, आणि चर्चा सगळी त्या आठ पैशांची!

व्याजाचे महत्त्व ज्यांना कळले होते, त्यांचे उदाहरण शेजारीच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, व्यावसायिकांच्या एका गटाने मिळून १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. त्यातले ४० कोटींहून अधिक सरकारी बँकेचे कर्ज, व्याज ७ टक्के. आपल्या वरच्या हिशेबात ७ च्या जागी १२ टक्के घालून बघा. किलोमीटरला २६ रुपये वाढतात, पेट्रोलच्या दुप्पट. मायलेजवर घासाघीस करता येत नाही, व्याजावर येते. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वेळी दुसरी बाजू दाखवली : मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर याहून कितीतरी जास्त व्याज पडत होते. म्हणजे वस्तूची किंमत घेणारा कोण यावरही ठरते.

आता आमच्या विद्यार्थ्याची जुनी गाडी. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मोठी घट पहिल्या मालकाने सोसली, करही त्यानेच भरला. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. तीस लाखांत घेतली तरी टर्बो, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सत्तर लाखांच्या गाडीचेच, आणि वॉरंटी संपत आलेली किंवा संपलेली. म्हणून विमा आणि दुरुस्ती आम्ही वर्षाला ४ लाख धरली : किलोमीटरला ४० रुपये. पुढच्या पाच वर्षांनी ती १२ लाखांना विकली जाईल असे मानले, तर घट ३६ रुपये. पुरत्या तीस लाखांचे व्याज न धरता, घटत जाणाऱ्या सरासरी २१ लाखांचे धरले, तर ते १५ रुपये. पेट्रोल १३. एकूण १०४. महिन्याला जवळजवळ ८७ हजार. तो अकरा हजारांचा विचार करून आला होता.

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "सर, मागाचाही असाच हिशेब करून द्या. तोही कधी केला नाही."

आम्हाला हे फार आवडले. माग पण झिजतो, त्यालाही व्याज आहे, त्याचेही भाग महाग. फरक इतकाच, की माग चालतो तेव्हा कापड निघते. गाडीतून आनंद निघतो. आनंद खोटा असतो असे आम्ही म्हणणार नाही, तसे म्हणणारे तत्त्वज्ञान आम्हाला कधी पटले नाही. महिन्याला ८७ हजारांचा आनंद घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. फक्त तो अकरा हजारांचा आहे असे समजून घेऊ नये.

त्याने शेवटी काय घेतले, ते आम्ही सांगत नाही. तो इथे पाठीमागे बसलाय. बाहेर पडताना त्यालाच विचारा. पण "किती देते?" एवढेच विचारून थांबू नका.