सर्व्हर स्वस्त, लायसन्स महाग

हैदराबादेत नोकरीला लागलो तेव्हा मेनफ्रेम म्हणजे पांढरा हत्ती, अशी माझी पक्की समजूत होती. एका बँकेचं काम साध्या सर्व्हरवर हलवायचा प्रस्ताव मी हौसेने मांडला. साहेबांनी एवढंच विचारलं, "यंत्रांची किंमत धरलीस, लायसन्सची कुठे आहे?" मी निरुत्तर!

मग हिशेबाला बसलो. आयबीएमच्या मेनफ्रेमवर बऱ्याच सॉफ्टवेअरचं भाडं दरमहा, 'एमएसयू' या मापाने आकारतात. चार-चार तासांची सरत जाणारी सरासरी काढून तिचा महिन्यातला उच्चांक धरतात. कारखान्याच्या वीजबिलातल्या 'मॅक्झिमम डिमांड'सारखंच. महिनाअखेरीला सगळे जॉब एकदम चालवले, की भुर्दंड महिनाभराचा.

साध्या सर्व्हरवर मोजतात ते कोअर. ३२ कोअरचे १० सर्व्हर म्हणजे ३२० कोअर. ओरॅकल इंटेलचे कोअर निम्मे धरतं, तरी १६० लायसन्स लागतात. एंटरप्राइझ डेटाबेसची छापील किंमत प्रत्येकी ४७,५०० डॉलर, म्हणजे एकूण ७६ लाख डॉलर! वर दरसाल २२ टक्के सपोर्ट. घासाघीस होते, पण सर्व्हर रिकामे बसले तरी लायसन्स तेवढीच.

शेवटी खात्यांचे व्यवहार मेनफ्रेमवरच ठेवले, रात्रीचे जॉब पांगवले आणि अहवाल पोस्टग्रेसवर नेले. त्याला लायसन्सचे पैसे नाहीत; जाणकार माणसं मात्र पोसावी लागतात.

दुकानासाठी साधं बिलिंग सॉफ्टवेअर घेतानाही आधी विचारा: पैसे नेमके कशाच्या मापाने घेणार?