किल्ल्यावरचा मावळा आणि इटलीतला जवान



दिवाळी आली की बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांच्या अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात आणि बाजारातून मावळे येतात. एकाच साच्यातून निघालेले हे मावळे सगळे सारखेच दिसतात. या सुट्टीत एक तरी सैनिक स्वतःच्या हाताने, मोजमाप करून घडवावा, आणि तो एका खऱ्या माणसाचा असावा, अशी माझी सूचना आहे.

मी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव सुचवतो. ते आजच्या रायगड जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतले बाकी सर्वजण मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली आणि एकाला आपल्या टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या तडाख्याने उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्यांना वीरमरण आले. वय फक्त २२ वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

आता प्रतिकृतीकडे वळू. छंद म्हणून सैनिक बनवणारे बहुधा १:३५ किंवा १:७२ हे प्रमाण घेतात. आपल्याला १:१० सोपे पडेल. १६५ सें.मी. उंचीचा माणूस साडेसोळा सें.मी.चा होतो, सुमारे ८० सें.मी.ची टॉमीगन ८ सें.मी.ची होते. गणिताच्या तासाला शिकलेले प्रमाण इथे उपयोगी पडते. डोके एकूण उंचीच्या साधारण साडेसातवा भाग, म्हणजे २.२ सें.मी. ठेवावे. नवशिक्यांचे डोके नेहमी मोठे होते.

प्रथम तारेचा सांगाडा करा आणि त्यातच पवित्रा ठरवा. धावणाऱ्याचे वजन पुढच्या पायावर असते. शाडू वाळताना आकसतो, तार आकसत नाही, म्हणून भेगा पडतात. त्यासाठी तारेवर कागद गुंडाळून मातीचे पातळ थर द्यावेत, किंवा कागदाचा लगदा वापरावा.

पोशाख त्या काळच्या ब्रिटिश फौजेचाच होता. जुलै महिना, म्हणून हलकी सुती खाकी दाखवावी. जाड लोकरी कपडे हिवाळ्यातले. डोक्यावर पसरट कडेचे लोखंडी शिरस्त्राण, छातीशी दोन मोठे पाऊच, पायात जाड बूट. कमरेचा पट्टा ५७ मि.मी. रुंद असे, म्हणून आपली कापडी पट्टी ६ मि.मी.ची कापावी.

रंग चकाकणारा नको. लहान आकृतीवर सावली पुरेशी पडत नाही, ती रंगानेच दाखवावी लागते. खाकी वाळल्यावर पातळ तपकिरी पाणी चुण्यांमध्ये सोडा, नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग फिरवा. बुटांना थोडी धूळ लावा.

सर्वात महत्त्वाची बाब म्हणजे हात. घाडगेंच्या हातात बंदूक नेहमीसारखी धरलेली दाखवली तर तो कोणताही सैनिक होईल. नळी मुठीत आणि दस्ता वर उगारलेला दिसला, तरच ते यशवंत घाडगे.

काही पालक विचारतील, शिवरायांच्या किल्ल्याजवळ इंग्रजांच्या गणवेशातला सैनिक कशाला? प्रश्न योग्य आहे. तो गणवेश परक्या सत्तेचा होता, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पण म्हणून तो बदलून भगवा फेटा बांधू नये. प्रतिकृतीत जे होते तेच दाखवायचे असते. याच पलटणींचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांमधून पलीकडे नेले. मग शत्रूची ठाणी मोडून ते बांधावर उभे राहिले आणि मराठ्यांची युद्धगर्जना करून त्यांनी मागच्यांना बोलावले. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आजही रेजिमेंटची गर्जना आहे. मावळा आणि हा जवान एकमेकांना अनोळखी नाहीत.

प्रतिकृतीशेजारी एक लहान कार्ड ठेवा. त्यावर सैनिकाचे नाव, पलटण, स्थळ, तारीख आणि प्रमाण लिहा. सुट्टीनंतर ती शाळेत घेऊन या. आपण सर्व मिळून पाहू.

— मुख्याध्यापक