ग्लीझ ११३२ बी
ग्लीझ ११३२ या तांबड्या खुज्या ताऱ्याभोवती फिरणारा, जवळजवळ पृथ्वीएवढा, खडकाळ व अतितप्त बाह्यग्रह. अंतर सु. ४१ प्रकाशवर्षे. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचे तेज किंचित घटते (अधिक्रमण). त्यावरून चिलीतील सेर्रो टोलोलो येथील लहान दूरदर्शकांच्या साहाय्याने २०१५ मध्ये त्याचा शोध लागला. त्रिज्या पृथ्वीच्या सु. १·१३ पट असून प्रदक्षिणाकाल केवळ १·६ दिवस आहे. ताऱ्याच्या एवढ्या सान्निध्यामुळे त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहत असावी.

ग्रहास वातावरण आहे काय, हा खरा वादाचा प्रश्न. हबल दूरदर्शकाच्या निरीक्षणांवरून २०२१ मध्ये हायड्रोजन सायनाइडाचा दावा करण्यात आला. त्याच निरीक्षणांत इतर संशोधकांना मात्र तसे काही आढळले नाही. दावा घाईचाच म्हटला पाहिजे. दाट वातावरण असते, तर वाऱ्यांनी उष्णता अंधाऱ्या बाजूकडे वाहून नेली असती व प्रकाशित बाजू त्या मानाने थंड राहिली असती. जेम्स वेब दूरदर्शकाने अवरक्त प्रारणावरून मोजलेले तिचे तापमान (२०२४) सु. ४३५° से. भरले. उघड्या, काळपट खडकाचे तापमान जितके असावे, त्याच्याशी ते जुळते. पूर्वी वातावरण असलेच, तर ताऱ्याच्या तारुण्यातील तीव्र क्ष-किरण व जंबुपार प्रारणाने ते अवकाशात निसटून गेले असावे.