घाम आला, पण वाळला का?

उन्हाळा लागला की एक प्रश्न दवाखान्यात हमखास विचारला जातो. "डॉक्टर, पुण्यात पारा चाळिशीला टेकला तरी निभावतं, मग मुंबईला पस्तिशीतच जीव का कासावीस होतो?" या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट उमगले, त्याला उन्हाळ्यात घरच्यांना कसे जपावे हेही उमगले.

आपले शरीर म्हणजे सतत पेटलेली शेगडी. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. ती बाहेर पडलीच नाही, तर ३७ अंशांवर असलेले आतले तापमान चढू लागते. उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. तिच्या वाटा तीन. शहाबादी फरशीवर आडवे झाले की पाठ गार होते, हे वहन. वाऱ्याची झुळूक अंगाजवळची ऊन हवा घेऊन जाते, हे अभिसरण. तिसरी वाट प्रारणाची. तिला ना स्पर्श लागतो, ना हवा.

प्रारण म्हणजे विद्युतचुंबकीय लहरी. रेडिओच्या लहरी, अवरक्त किरण, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, अतिनील किरण आणि क्ष-किरण ही सारी एकाच कुळातली भावंडे. फरक लहरींच्या लांबीचा. उन्हाने त्वचा भाजते ती मुख्यतः अतिनील किरणांनी. भिंती, पत्रे, रस्ते तापले की त्यांतून अवरक्त किरण बाहेर पडतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलक आणि तापमापक वापरून हे न दिसणारे किरण शोधले. करोनाच्या काळात कपाळासमोर धरायची ती 'बंदूक' आठवते ना? तिच्यातून किरण सोडतात म्हणून अनेकजण घाबरत. प्रत्यक्षात आपल्याच कपाळातून निघणारे अवरक्त किरण ती मोजत असे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा आणि भिंती त्याहून तापल्या की या तिन्ही वाटा उलट्या वाहू लागतात. उष्णता बाहेर जाण्याऐवजी अंगात शिरते. मग हाती उरतो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र वाळला तरच! नुसता ठिबकून गेलेला घाम शरीरातले पाणी व मीठ तेवढे नेतो, उष्णता जवळजवळ नेतच नाही. दमट हवेत घाम वाळत नाही. पुण्याची एप्रिलमधली हवा कोरडी, मुंबईची दमट. उत्तर एवढेच आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा मोकळ्या मैदानावर झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता, म्हणजे फार चढलेला नव्हता. पण डोक्यावर ऊन, खाडीकाठची दमट हवा आणि दाटीवाटीने तासन् तास बसलेली माणसे. या दुर्घटनेत १४ जणांचा बळी गेला. पाऱ्याचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये, हा त्याचा धडा.

धोका घरातही असतो. आमच्या शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांच्या जाडजूड भिंती उशिरा तापत. आता वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहणारे पुष्कळ. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खालच्या खोलीत अवरक्त किरण सोडत राहतो. म्हणून आजी-आजोबांना उन्हाळ्यापुरते खालच्या मजल्यावर झोपवावे. गच्चीला पांढरा चुना मारावा. हवा चाळीस अंशांच्या वर गेली असता नुसता पंखा उलट गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी ओल्या पंचाने अंग वारंवार पुसावे.

चक्कर, पायात गोळे, मळमळ ही पहिली सूचना. माणसाला सावलीत न्यावे, मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट द्यावे. परंतु अंग भाजल्यासारखे तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही! ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मनोविकारावरील औषधे चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना उन्हाळ्याआधीच भेटावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि दुपारी घरातील वृद्धांची विचारपूस करताना पाणी प्यालात का, एवढेच विचारून थांबू नका. पाठीवरून हात फिरवून घाम वाळतो आहे ना, हेही पाहा.