कोरी जीन्स आटते ती का?

जालना, अंबड, भोकरदनच्या बाजारात येणारा कापूस आणि जपानमधल्या ओकायामा प्रांतात जुन्या अमेरिकी जीन्सची हुबेहूब नक्कल करताना वापरला जाणारा कापूस, दोन्ही मुळात सेल्युलोजच. पाणी लागलं की दोन्ही एकाच रीतीने वागतात.

भिजलेला तंतू लांबीत जवळपास वाढत नाही, पण जाडीत चांगलाच फुगतो. धागा जाड झाला की त्याला ओलांडणाऱ्या धाग्याला जास्त वळसा घ्यावा लागतो. वळशात लांबी खर्ची पडते आणि कापड आखडतं. शिवाय मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. तो ताणही पाण्यात सुटतो. म्हणून आटतात ते मुख्यतः उभे धागे, म्हणजे पायाची लांबी.

1930च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट यांच्या पद्धतीने कापड गिरणीतच दाबून आधीच आटवलं जाऊ लागलं. जुनं रूप हवं म्हणून काही जपानी कारखाने मुद्दाम हा संस्कार टाळतात. असं कोरं डेनिम दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं. 34 इंचांचा पाय मग सुमारे साडेतीस इंचांवर येऊ शकतो. कंबरही आटते, पण वापरात बरीचशी सैल होते. लांबी मात्र परतत नाही.

त्यामुळे लेबलवरचा आकडा बघून भागत नाही. टेप लावा, आणि माप धुण्याआधीचं की नंतरचं, हे आधी विचारा. आपले जुने शिंपी सुती कापड भिजवून, वाळवूनच कात्री लावायचे. खालची दुमडही पहिल्या धुण्यानंतरच शिवून घ्यावी.